लिफ्ट बंद आहे

आईच्या फॉल-पिकोच्या मशीनला मोटर आहे,
माझ्या खुर्चीला नाही.
ती पहिल्या पगारातून घ्यायची ठरली होती.
त्याला आता तीन गणपती होऊन गेले.

सकाळी नऊला आंबेगावातली आमची बिल्डिंग कामावर जाते.
डबे, चाव्या, हेल्मेटं जिन्यातून उतरत जातात,
मग तिसऱ्या मजल्यावर इतकं शांत होतं
की पेन्सिलीला टोक काढलेलंही ऐकू येतं.
मी रोज टोक काढते.
माझ्या पेन्सिली टोक काढूनच संपतात.

बाणेरच्या स्टुडिओला काम आवडलं होतं.
"पण ऑफिस जरा माडीवर आहे हो आमचं."
घरून करते म्हटलं, तर म्हणाले,
टीममध्ये मिसळायला हवं ना.
कर्वे रोडच्या एका बाईंना
तीन डिसेंबरसाठी चित्र हवं होतं. विषय : जिद्द.
मानधन : शाल आणि रोप.
"पायाने काढता की तोंडाने?"
हाताने, म्हटलं.
त्यांचा हिरमोड फोनवर स्पष्ट ऐकू आला.

ससूनच्या कागदावर मी अठ्ठ्याहत्तर टक्के आहे.
दहावीला एवढे पडले असते तर आईने पेढे वाटले असते.
मावशीला अजून वाटतं,
तेवढी मी बरी झालेय.

लाज कसली वाटते, सांगू?
पायांची नाही. त्यांची आणि माझी जुनी ओळख आहे.
दोन नंबरच्या सेबल ब्रशची वाटते.
तेरा साड्यांना फॉल लावून आणलेला आईने.
तो मी वापरत नाही. झिजेल म्हणून.
खरं तर, झिजवण्यासारखं काही नाही म्हणून.

मार्चमध्ये लिफ्ट बिघडली.
सेक्रेटरी खांबेटे धापा टाकत वर आले,
काखेत पत्र्याचा तुकडा.
"तन्वी, तुझं अक्षर चांगलंय. एवढं लिहून दे.
दीडशे देईन. सोसायटीच्या खात्यातून, रीतसर."
तीन वर्षांतली पहिली ऑर्डर :
लिफ्ट बंद आहे.

हसू आलं. मग नाही आलं.
मग तो सेबल काढला.

चार दिवस लावले तीन शब्दांना.
'लि'ची वेलांटी अशी वळवली
जसं जाता जाता कुणी मान वळवून पाहावं.
'फ्ट'ने फार छळलं.
अर्धा फ, बिचारा, ट-ला टेकलेला;
तो टेकलाय हे दिसू न देता
त्याला उभं करायचं होतं.
तेवढं मला येतं.
"तीन शब्दांना एवढं?" आई म्हणाली,
आणि मशीन थांबवून बघत बसली.
खाली कोपऱ्यात तांदळाएवढी सही : काळोखे.

मग जिना बोलायला लागला.
कुरियरवाल्याने फोटो काढला म्हणे.
पहिल्या मजल्यावरचे ढमढेरे, जे कुणाशीच बोलत नाहीत,
दोन मजले चढून आले विचारायला
की हा पिवळा कुठला?
माझं पहिलं प्रदर्शन तळमजल्यावर भरलं होतं
आणि मला ते पाहता येत नव्हतं.
कारण तिथे लिहिलंच होतं.

चौदाव्या दिवशी लिफ्ट सुरू झाली.
खाली गेले, तर भिंतीवर नुसता खिळा.
पाटी मीटरच्या खोलीत, झाडूमागे, पाठमोरी.
"काढू का ताई? पुसून देतो," वॉचमन म्हणाला.
असू दे. लागेलच.

गेटबाहेर ऊन.
समोरच्या टपरीवर रंग उडालेला बोर्ड.
पहिलं अक्षर गळालंय,
उरलंय ते असं : 'स्त्री करून मिळेल'.
इतकी वर्षं कुणी टोकलं नसेल त्याला?
तिथेच थांबले, चाकांना ब्रेक लावून.
तीन शब्दांचे दीडशे,
म्हणजे शब्दाला पन्नास.
मग नुसत्या एका 'इ'चे
किती सांगावेत?